दुसऱ्याला पटेल असे लिहावे कसे?



आज निबंधाविषयी थोडे बोलावयाचे आहे. निबंध म्हटला की शाळा आठवते आणि शाळा म्हटली की परीक्षा. 'यंत्र: शाप की वरदान', 'खेडे बरे की शहर बरे' असे विषय पिढ्यान्पिढ्या दिले जात आहेत. आता त्यांत मोबाईलची भर पडली आहे, एवढाच काय तो फरक. मुले काय करतात? अर्धे पान एका बाजूने लिहितात, अर्धे पान दुसऱ्या बाजूने लिहितात आणि शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' असे म्हणून मोकळी होतात. गुणही बरे मिळतात. पण वाचणाऱ्याचे मत मात्र तसूभरही हलत नाही. हलावे अशी लिहिणाऱ्याची अपेक्षाही नसते, कारण निबंध गाईडातून आलेला असतो आणि वाचणारे गुरुजी तो चाळिसाव्यांदा वाचत असतात.

हेच मूल पुढे मोठे होते. शेताकडे जाणारी पाणंद शेजाऱ्याने नांगरून टाकली, गावची डीपी जळून आठ दिवस झाले, शाळेला एक शिक्षक कमी आहे, अशी कामे निघतात. घरातले वडीलधारे म्हणतात, "तुझं शिक्षण झालंय ना, मग तूच लिही अर्ज." आणि मग कागदावर येते ते असे: 'सदर बाब अत्यंत गंभीर स्वरूपाची असून तरी याबाबत आपण योग्य तो विचार करावा ही नम्र विनंती.' वाक्य भारदस्त आहे खरे, पण कोणती बाब, किती गंभीर, आणि विचार करून नेमके काय करायचे, याचा त्यात पत्ता नाही. तो अर्ज फायलीत जाऊन पडला तर नवल ते काय?

दुसऱ्याला पटवणे ही काही केवळ जिभेची देणगी नव्हे, ती शिकण्या-शिकवण्यासारखी गोष्ट आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या काळी अथेन्स शहरात वकील नव्हते. ज्याची फिर्याद त्याने स्वतः शेकडो पंचांपुढे उभे राहून बोलायचे अशी रीत होती. तेव्हा बोलून पटवणे ही तिथे गरजेचीच विद्या होती. ॲरिस्टॉटलने तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि सांगितले की माणसाला एखादी गोष्ट पटते ती तीन वाटांनी. बोलणारा माणूस विश्वासाचा वाटला पाहिजे, ऐकणाऱ्याचे मन त्या गोष्टीकडे वळले पाहिजे, आणि बोलण्यात पुरावा व तर्क असला पाहिजे. आपल्या बोलीत मी यांना पत, कळवळा आणि हिशेब असे म्हणतो. सोसायटीत कर्ज मागायला गेले की आधी पत पाहतात, मग गरज ऐकतात, आणि शेवटी सात-बाराचा उतारा मागतात. लिहिण्यातही साधारण तसेच असते.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी यात आणखी एक मोलाची भर घातली आहे, ती पूर्वपक्षाची. आपले मत सांगण्याआधी विरुद्ध बाजूचे म्हणणे आपणच नीट मांडायचे, आणि मग त्याला उत्तर द्यायचे. हा भाग शाळेतल्या निबंधात जवळजवळ नाहीसाच झाला आहे. दोन्ही बाजू लिहितात, पण एकीने दुसरीला उत्तर द्यायचे असते हे विसरतात.

आता नुसते नियम सांगून भागत नाही, म्हणून एक प्रत्यक्ष लेख घेऊन बसू. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी एक कमिशन नेमले. विल्यम हंटर हे त्याचे अध्यक्ष, म्हणून त्याला हंटर कमिशन म्हणतात. कमिशनने प्रांतोप्रांतीच्या लोकांकडून साक्षी आणि निवेदने घेतली. पुण्याहून जोतीराव फुले यांनी एक निवेदन दिले. त्याखाली १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात ते पाहावयास मिळते आणि एका बैठकीत वाचून होते. शिक्षक बंधुभगिनींनी ते जरूर वाचावे, आणि केवळ इतिहास म्हणून नव्हे, तर पटवून देणारा लेख कसा रचावा याचा पाठ म्हणून वाचावे.

पहिली गोष्ट पाहा. जोतीरावांचा स्वभाव किती जळजळीत लिहिण्याचा होता हे आपणांस ठाऊक आहे. पण या निवेदनाचा आरंभ ना मागणीने होतो, ना रागाने. आरंभी ते आपला अनुभव सांगतात. मुलींसाठी देशी शाळा नव्हती तेव्हा आपण ती काढली, आपण आणि आपली पत्नी यांनी तिथे अनेक वर्षे मिळून काम केले, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवली, एका मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत काही वर्षे शिकवले. आणि त्याबरोबर हेही सांगतात की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालची खेडी एवढ्यापुरता आहे. ही शेवटची कबुली मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला कुठपर्यंतचे ठाऊक आहे, हे जो माणूस आपणहून सांगतो, त्याच्या पुढच्या शब्दावर वाचणारा विश्वास ठेवतो. आपली मुले 'संपूर्ण जगात', 'आजच्या युगात', 'अनादि काळापासून' अशी सुरुवात करतात. संपूर्ण जगाची हमी बारा वर्षांच्या पोराने कशाला घ्यावी? त्याने आपल्या आळीचे सांगावे. तिथे त्याची पत आहे.

दुसरी गोष्ट पूर्वपक्षाची. त्या काळी सरकारी शिक्षणाच्या धोरणात एक विचार मुरलेला होता. वरच्या वर्गांना आधी उत्तम शिकवावे, मग त्यांच्याकडून विद्या आपोआप झिरपत खालपर्यंत जाईल, असा तो विचार. जोतीरावांनी हा विचार टाळला नाही, उलट तो पुढे ओढून आणला. त्यासाठी त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १८७३ च्या, आपल्या 'गुलामगिरी' या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेतला मजकूरच निवेदनात घेतला. त्यांचा प्रश्न सरळ आहे. वरच्यांना शिकवून इतकी वर्षे झाली. त्या शिकलेल्यांनी आपल्या मागे राहिलेल्या बांधवांसाठी घरी म्हणा, बाहेर म्हणा, वर्ग काढले का? की विद्या आपल्यापाशीच ठेवली? पाणी झिरपते म्हणता, तर ओल कुठे आहे ती दाखवा, असा या प्रश्नाचा रोख आहे. ओलीचा दाखला माझा, त्यांचा नव्हे, पण मुद्दा तोच. दाखवण्याची जबाबदारी त्यांनी विरुद्ध बाजूवर टाकली. वादात ही खुबी फार उपयोगी पडते, मात्र आधी विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडलेली असली पाहिजे.

मग येतो हिशेब, आणि निवेदनाचे सारे बळ इथे आहे. सरकारचा वसूल येतो कुठून? मुख्यतः रयतेच्या कष्टातून. तो शिक्षणावर खर्च होतो कुणासाठी? मुख्यतः वरच्या वर्गांसाठी. त्यातही शिक्षणासाठी म्हणून एक खास पट्टी, म्हणजे सेस, गोळा केली जाते, आणि ज्या कामासाठी ती घेतली त्या कामी ती खर्च होत नाही. यावर चिडून लिहिण्याची गरजच उरत नाही. ज्याने पट्टी भरली त्याचे पोर शाळेबाहेर, एवढे सांगितले की वाचणारा आपणच अस्वस्थ होतो. पुढे ते एक आकडा देतात: मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. पण हा आकडा देताना 'असे म्हणतात' एवढे शब्द त्यांनी जोडले आहेत. स्वतः मोजलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे, हा भेद त्यांनी लपवला नाही. आज मोबाईलवर रोज सकाळी कोणीतरी पाठवलेले आकडे येतात, आणि आपण ते जसेच्या तसे पुढे ढकलतो. त्यांवर 'असे म्हणतात' हे दोन शब्द कोणी लिहीत नाही.

कळवळ्याचे काय? तो आहे, पण बेताने आहे, आणि दर वेळी कामाला जुंपलेला आहे. शेतकरी आपली मुले शाळेत का पाठवत नाही, याचे कारण ते सांगतात. घरात अत्यंत गरिबी, आणि गुरे राखायला व शेतावर लक्ष ठेवायला मुलांचे हात लागतात. असे सांगून ते तिथेच उसासा टाकून बसत नाहीत. लगेच उपाय येतो: म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या, म्हणजे आईबापांना शाळेची गोडी लागेल. दुःख सांगायचे ते उपायाच्या दारापर्यंत नेण्यासाठी. आपल्याकडच्या पुष्कळ निबंधांत आणि त्याहून जास्त भाषणांत दुःखाचे वर्णनच तीन चतुर्थांश असते. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, तो ते पुसतो आणि चहाला जातो.

आणखी एक जागा दाखवतो. सरकारने उच्च शिक्षणाची भरपूर सोय केली आणि बहुजनांचे शिक्षण मागे पडले, ही त्या वेळची सार्वत्रिक तक्रार होती. जोतीराव म्हणतात की तिच्यात तथ्य आहे. मग त्यांनी कॉलेजांचा पैसा बंद करा अशी मागणी करावी, असे आपणांस वाटेल. तसे ते करत नाहीत. देशाचे हित पाहणारा कोणीही सरकारने आज उच्च शिक्षणावरून हात काढावा असे म्हणणार नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. एका ताटातले काढून दुसऱ्यात वाढा, असे त्यांनी म्हटले नाही. त्यामुळे वाचणाऱ्या कमिशनला त्यांचे म्हणणे एका गटाचे भांडण म्हणून बाजूला सारणे अवघड झाले.

आणि मागण्या कशा? अगदी मोजून मापून. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. कोणत्या वयापर्यंत? निदान बारा वर्षांपर्यंत. शिक्षकाला पगार किती? बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस. शिकवायचे काय? मोडी आणि बाळबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे. शिक्षक कोण असावेत? होता होईल तो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरू शकतील असे. पैसा कुठून यावा, याचाही विचार आहे. लेखाच्या अखेरीस मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक उदार हाताने तजवीज करावी, अशी विनंती आहे. खाली सही, आणि सहीपुढे आपली ओळख: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. योग्य तो विचार व्हावा, हे वाक्य तिथे लिहून भागले नसते.

याच जोतीरावांनी पुढच्याच वर्षी, १८८३ साली, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. विषय बराचसा तोच, शेतकऱ्याची दैना आणि तिची कारणे. पण तो ग्रंथ मराठीत आहे, आणि त्याची भाषा पाहा. शेतकऱ्याचे घर, त्याचे अंथरूण-पांघरूण, त्याच्या अंगावरचे कपडे, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. शब्द बोचरे आहेत, काही ठिकाणी तर वाचवत नाहीत. सरकारी कमिशनपुढे तोलून बोलणारा हाच माणूस का, असा प्रश्न पडावा. पण माणूस तोच आणि हिशेबही तोच, बदलला आहे तो ऐकणारा. गोऱ्या अधिकाऱ्याला आकडा हवा होता, आणि स्वतःच्या घरातल्या शेतकऱ्याला आकड्याआधी आपले चित्र दिसायला हवे होते. मुलांना निबंध घालताना 'हा कोणासाठी लिहितोस?' हा प्रश्न आपण विचारीत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

कोणी विचारील, इतके चांगले लिहिले, मग सरकारने ऐकले का? नाही. सक्तीची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. गोखल्यांची पद्धत निराळी होती. देशोदेशींचे आकडे, खर्चाचा अंदाज, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण चालू केल्याचा दाखला, अशी त्यांची मांडणी. १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. म्हणजे हिशेब चोख असूनही ऐकणाऱ्याने मनाचे दार लावून घेतलेले असले, तर पुष्कळदा काही चालत नाही. हेही मुलांना सांगितले पाहिजे, नाही तर त्यांना वाटेल की तीन मात्रा घातल्या की गुण आलाच. पण ज्यांच्या हाती थोडीफार सत्ता होती, अशा काहींनी पुढे ती वाट धरली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली, तर तिचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. जोतीरावांच्या निवेदनापासून १२७ वर्षांहून अधिक काळ.

आता वर्गात काय करता येईल ते बोलू. समजा, शाळा ओढ्याच्या अलीकडे आहे आणि एक वाडी पलीकडे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाडीची पोरे घरी राहतात. गुरुजींनी विषय द्यावा: 'आमच्या वाडीला साकव हवा.' पहिल्या झटक्यात मुले लिहितील, 'पूल ही काळाची गरज आहे. पुलामुळे देशाची प्रगती होते.' ते लिहू द्यावे, आणि मग बाजूला ठेवावे. दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रक काढून बसावे. वाडीची मुले किती, गेल्या पावसाळ्यात ती किती दिवस गैरहजर होती, अलीकडची मुले किती दिवस, हे मुलांनीच मोजावे. बेरीज फळ्यावर मांडावी. त्या बेरजेत एखादे मूल तापाने गैरहजर असेल, तर ते वेगळे काढावे. आपण होऊन वजा केलेला आकडा कोणी खोडू शकत नाही.

मग वाडीतल्या एका मुलीला उभे करावे. तिने ओढा कसा ओलांडला, दप्तर कुठे धरले, पाणी कुठवर आले, परत जाताना कोण सोबत होते, एवढेच सांगावे. 'भयंकर', 'हृदयद्रावक' असे शब्द तिला वापरू देऊ नयेत, तिला त्यांची गरजही नसते. ती सांगेल ते चार ओळींत लिहून घ्यावे. लिहिणाऱ्या मुलांत वाडीतलीच मुले असावीत, म्हणजे 'आम्ही रोज या वाटेने येतो' हे वाक्य खरे ठरेल.

सर्वांत मौजेचा तास पूर्वपक्षाचा. दोन-चार मुलांना ग्रामपंचायत करावे आणि 'नाही' म्हणायला लावावे. पोरे फार उत्तम नाही म्हणतात! "पैसा नाही." "पावसाळा चारच महिन्यांचा." "वळसा घालून या की रस्त्याने." "तुमच्याच वाडीला का? आमच्या वाडीला नळ नाही अजून." मग बाकीच्यांनी एकेकाचे उत्तर शोधावे. वळशाची वाट पायांनी मोजावी. आणि नळाचे म्हणणे खरे असेल तर ते खरे आहे असे कागदावर लिहावे, आणि तरी साकव आधी का, ते सांगावे. सांगता आले नाही, तर तसेही मान्य करावे. निबंधाने लिहिणाऱ्याचेच मत बदलले, असे क्वचित घडते. घडले तर त्या मुलाला गुण जास्त द्यावेत.

हे सारे झाल्यावर निबंध दीड पानाचा होईल. त्यात मागणी एकच असावी, आणि ती कोणाकडे केली आहे ते स्पष्ट असावे. सरपंचाच्या हातात नसलेली गोष्ट सरपंचाकडे मागू नये. मग तो निबंध वहीतच ठेवून लाल शाईने तपासण्याऐवजी चांगल्या अक्षरात उतरवून काढावा, खाली मुलांच्या आणि पालकांच्या सह्या घ्याव्यात, आणि पुढच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन द्यावा. देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायला मुलांना शिकवावे, आणि पोच मिळाल्याची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.